सुती घडी

दिवसभर ती माझ्यासोबत टेबलापाशी उभी असते,
सहकारनगरात, जिन्याखालच्या दुकानात.
कॉलर ती धरते, बाह्या मी.
तेव्हा तिचे पाय गप्प.
तक्रारच नाही त्यांची.

रात्री पाठ टेकली की सुरू होतं.
दुखत नाही, म्हणते विमल,
दुखलं असतं तर बरं, दुखण्याला जागा तरी असते.
हे म्हणजे पोटरीच्या आत
कुणी सोड्याची बाटली फोडलीय.
हलवले की थांबतं,
थांबवले की हलवावेसे वाटतात.
मग ती उठते.
पलंग ते मोरी, मोरी ते पलंग,
नऊ पावलं. मी झोपेतही मोजतो.

दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी
रिपोर्ट बघितला, म्हणाल्या,
रक्तात लोह कमी आहे.
विमलनं माझ्याकडे बघितलं.
तीस वर्षं सात किलो लोखंड
हिच्या नाकासमोर सरकवतोय मी,
आणि हिच्या वाट्याला चिमूटभर आलं नाही?
आम्हाला हसू आवरेना.
बाईंना कळेना काय झालं.
गोळ्या दिल्या. संध्याकाळचा चहा बंद म्हणाल्या.
आणि शेक घेऊन बघा,
काही जणांना बरं वाटतं.

शेक!
म्हणजे आमचाच धंदा की.

आधी दुकान मिटताना निखाऱ्यांवर पाणी मारायचो.
आता राखेखाली चार जिवंत ठेवतो,
इस्त्री बादलीत घालून
जनता वसाहतीची चढण चढतो.
कुत्रीसुद्धा ओळखतात आता, भुंकत नाहीत.

एक चादर होती दुकानात, बी विंगमधल्या कुणाची,
जाड, निळ्या काठाची,
तीन वर्षं न्यायला कुणी आलं नव्हतं.
तिच्या चार घड्या करायच्या,
उंबऱ्यात बसायचं, धुरासाठी दार उघडं,
आणि इस्त्री सावकाश फिरवायची,
सुरकुती नसली तरी.

माझ्या हातांना गरम कळत नाही आता.
पहिल्याच रात्री चटका बसला तिला,
डाव्या पोटरीवर लाल पट्टा उठला.
ती बोलली नाही काही,
म्हणून मला जास्त लागलं.
तेव्हापासून घडी आधी माझ्या गालाला.
गाल अजून माणसाचा आहे.
त्याला सोसलं तरच तिच्या पायांना.

पाय शांत होतात असं नाही म्हणणार मी.
कधी होतात.
कधी घडी निवते तसं परत सुरू,
परत इस्त्री, परत गाल.
एकदा अडीच वाजले.
पर्वतीच्या टेकडीवरून गार वारा उतरत होता
आणि ती म्हणाली, झोपा हो,
तुमचे पाय कुठे तुम्हाला छळतात.

मार्चमध्ये एक बाई आल्या दुकानात,
चष्मा कपाळावर.
बाबांची चादर होती, निळ्या काठाची, आहे का अजून?
काढून दिली. त्यांनी नाकाला लावली.
तिळाच्या तेलाचा वास कसला हो?

आता ऐकायला लागणार, हे धरूनच
मी खरं ते सांगितलं.
बाई बराच वेळ काठ चाचपत राहिल्या.
बाबाही रात्रभर गॅलरीत चालायचे, म्हणाल्या.
फरशी वाजते म्हणून आम्ही ओरडायचो त्यांच्यावर.
मग चादर पिशवीत घातली.
इस्त्रीचे किती झाले?
आठ, म्हणाली विमल.
सुटे मोजून घेतले.

त्या रात्री माझी जुनी लुंगी काढली.
पातळ. ऊब धरत नाही.
सहा घड्या केल्या, गालाला लावली,
आणि तिथेच डोळा लागला माझा.

जाग आली ती पावलांनी.
सहा, सात, आठ,
नववं माझ्याजवळ थांबलं.
गालावरून घडी उचलली तिनं,
निवली, म्हणाली स्वतःशीच,
आणि दहावं, अकरावं टाकत
उंबऱ्याकडे गेली
निखाऱ्यांवर फुंकर मारायला.